यंत्राच्या पोटातले यंत्र: भास की व्यवहार?

एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवता येतो. त्या आतल्या यंत्राला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, आपली डिस्क खरीच वाटते. प्रत्यक्षात ती बाहेरच्या संगणकावरची एक फाइल असते. मराठी कार्यालयांना याची गरज का पडते, हे जुन्या कागदपत्रांकडे पाहिले की कळते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर नीट उघडायला कित्येकदा जुनी विंडोजच लागते आणि एक्सपीचे सुरक्षा-अद्ययावतीकरण तर 2014मध्येच थांबले. अशी विंडोज नेटवर्कपासून तोडून नव्या संगणकाच्या पोटात ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, हायपर-व्ही की केव्हीएम, हा प्रश्न सहसा किमतीचा आणि वेगाचा मानला जातो. मला तो आधी वेदान्ताचा वाटतो. जे दुसऱ्याच्या आधारावर उभे आहे, ते तेवढ्यानेच खोटे ठरते का?

अद्वैत परंपरा सत्तेच्या तीन पायऱ्या मानते: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर दिसलेला साप शेवटच्या पायरीवरचा. आतला संगणकही तिथलाच, असे कोणालाही चटकन वाटेल. पण 2015मध्ये ‘व्हेनम’ नावाची त्रुटी उघड झाली. क्यूईएमयू या प्रणालीतल्या आभासी फ्लॉपी-ड्राइव्हच्या कोडमध्ये ती होती. तोच कोड वापरणाऱ्या झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स या प्रणालींनाही तिची झळ बसली होती. जी फ्लॉपी कुठे अस्तित्वातच नव्हती, तिच्यातून आतल्या यंत्राला बाहेरच्या यंत्रात शिरता येत होते. यावर अद्वैती म्हणेल, दोरीवरच्या सापानेही माणसाला खरी भीती वाटतेच की. आक्षेप वजनदार आहे. पण दोरी ओळखली की ती भीती मावळते. ज्ञानाने ज्याचा बाध होतो, तोच भास. इथे फ्लॉपी आभासी आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते, तरी भोक बुजले नाही. ते बुजवायला कोड दुरुस्त करावा लागला. म्हणून आतले यंत्र व्यवहाराच्या पायरीवरचे आहे. ते परावलंबी आहे, पण त्याची जबाबदारी खरी आहे.

परावलंबनाचा विचार हिंगोली जिल्ह्याला नवा नाही. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि औंढ्याचा नागनाथही. परंपरा सांगते, नामदेव औंढ्याला गेले तेव्हा त्यांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. देव नाही अशा जागी माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले. नामदेवांनी पाय जिकडे हलवले तिकडे पिंड उभी राहिली. नामदेवांना नवी जागा मिळाली नाही, अधिष्ठान दिसले. सॉफ्टवेअर निवडतानाही मी पडद्यावरच्या खिडकीच्या आधी अधिष्ठान पाहीन. आतली विंडोज कितीही बंदिस्त ठेवली, तरी बाहेरची यंत्रणा दुरुस्त्यांविना पडून असेल तर तो बंदोबस्त पोकळ आहे. दुसरा प्रश्न, अटी कोणाच्या हातात? केव्हीएम 2007पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मुक्त स्रोत आहे, मात्र त्याचा एक्स्टेन्शन पॅक कार्यालयाला फुकट वापरता येत नाही, आणि ही अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ब्रॉडकॉमने 2023मध्ये व्हीएमवेअर घेतले आणि पुढच्या वर्षी वर्कस्टेशन प्रो सर्वांना मोफत केले. मालकाच्या एका निर्णयाने मिळालेली सवलत दुसऱ्या निर्णयाने जाऊही शकते. घरच्या वापराला व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज पुरे. वर्षानुवर्षे जपायचे दप्तर असेल आणि लिनक्स जाणणारे माणूस हाताशी असेल, तर मी केव्हीएम निवडेन.

संतांच्या अनुभवाशेजारी हायपरवायझर, म्हणजे आतले यंत्र चालवणारी प्रणाली, बसवणे कोणाला उणेपणाचे वाटेल. ही तुलना एका ठिकाणी तुटते, हे मान्यच केले पाहिजे. आठ जीबी मेमरीच्या संगणकात आतल्या यंत्राला चार दिल्या, तर बाहेरच्याकडे चारच उरतात. इथला आधार वाटला जातो, म्हणून किती द्यायचे याचा हिशेब आधी करावा लागतो. औंढ्याला पाय जितक्या जागी ठेवले तितक्या जागी पिंड पूर्णच होती.