पळून परतलेली पावले

वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना डोक्यावरून मैला वाहण्याचे काम स्वतः पत्करणारे, मूळचे वकिली पेशाचे बाबा आमटे, भर पावसात रस्त्याकडेला पडलेल्या एका महारोग्याला पाहून भयाने घराकडे पळाले, ही हकीकत मला त्यांच्या अवघ्या कीर्तीहून मोलाची वाटते. करुणेच्या आधी भय येते. आणि निर्भय म्हणविणाऱ्या माणसाला तर ते अधिकच लज्जित करते. ते परतले, त्या रुग्णावर निवारा उभारून त्याला स्वहस्ते भरविले. तो वाचला नाही. मात्र त्या भीतीचा ठाव घेण्यासाठी त्यांनी कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर, सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्याच सरंजामानिशी, आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीची विहीर खणावयास घेतली.