उंबरठ्याच्या आत

कायद्यास लोकांची संमती हवी, असे आपण म्हणतो. पण ती मोजावयाची कोठे? विधिमंडळात, की घराच्या उंबरठ्यावर?

अठरा वर्षांखालील मुलांच्या मजुरीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मध्यवर्ती सत्तेस देणारी घटनादुरुस्ती अमेरिकेच्या काँग्रेसने १९२४ साली संमत केली. तीस ४८ पैकी ३६ राज्यांच्या विधिमंडळांचा पाठिंबा हवा होता. मिळाला २८ राज्यांचा. आईबापांच्या अधिकारात सरकारने हात घालू नये, हा विरोधकांचा एक मोठा आक्षेप होता.

आपल्याकडे नामदार गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे ९० वर्षांनी, २००२ साली, ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. या दुरुस्तीस राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेण्याचे बंधनही नव्हते. मग अडते कोठे?

आम्ही नोकरीनिमित्त जबलपुरास राहतो. हा विड्यांचा मुलूख. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणावयाची व वळलेल्या विड्या हजारावारी परत द्यावयाच्या, ही येथली जुनी रीत. मुलांना या कामास लावू नये, असे १९३८ च्या कायद्याने सांगितले आणि १९८६ च्या कायद्यानेही. पण केवळ घरच्या माणसांच्या मदतीने चालणारे काम दोहोंनी वगळले. २०१६ ची दुरुस्ती अधिक कडक आहे. तरी शाळेच्या वेळेबाहेर, धोक्याचा नसलेल्या घरच्या धंद्यात मुलाने मदत करण्यास तिनेही मोकळीक ठेविली आहे.

यात केवळ कायदेकर्त्यांचा दुबळेपणा आहे, असे आम्हांस वाटत नाही. आईला हातभार लावणारी मुलगी आणि राबणारी मुलगी यांतील भेद बाहेरून सहसा दिसत नाही. शिवाय ज्या घरात मुलीच्या हातांवाचून हजाराचा हिशेब पुरा होत नाही, तेथील आईस दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

आपणांस मात्र ही सबब नाही. सरकारी नोकराने १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये, असे आपल्या वर्तणूक नियमांतील २२-अ हा नियम सांगतो. तो आम्ही अक्षरशः पाळला आहे. तथापि कित्येक महिने कोपऱ्यावरील टपरीचा एक मुलगा आमच्या टेबलावर चहा आणीत असे आणि आम्ही तो पीत असू. त्यास आम्ही कामावर ठेविले नव्हते. एके दिवशी तो टेबलावरील लिफाफ्यावरचे नाव अक्षरे जुळवून वाचू लागला. दुसऱ्या टेबलांचा चहा निवत होता. आम्हीच त्यास पुढे जावयास सांगितले.

मुलास कामावर कोणी ठेविले, एवढेच कायदा विचारू शकतो. ते कोणासाठी राबते, हे ज्याचे त्यानेच स्वतःस विचारले पाहिजे. संसदेने आपली संमती केव्हाच दिली आहे. आमची त्या दिवशी दिली गेली नाही.