व्हॉल्व्ह बंद केला, पाइपमधल्या पाण्याचं काय? (गीता २.५९)



स्थितप्रज्ञाची लक्षणं चालू आहेत. काल कासवाने आपले अवयव आत ओढून घेतले आणि आज लगेच भगवंत त्यातली मेख सांगतात. विषय घेणं थांबवलं की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी आत राहते. ती जाते परमतत्त्व दिसल्यावरच. या गोडीला गीतेतला शब्द आहे ‘रस’. शंकराचार्य भाष्यात त्याचा अर्थ आसक्ती असा घेतात. माउली जिभेकडे वळतात. बाकी इंद्रियं आवरली आणि जीभ मोकळी सोडली, तर ते वरची पालवी खुडून मुळाला पाणी घालण्यासारखं. मला मात्र या आठवड्यात रस अगदी शब्दशः भेटला, म्हणजे पातळ, वाहणारा आणि भिंतीत अडकलेला!

बाबांची केमो सुरू होतेय, म्हणून डिसेंबर ते मार्च आम्ही पुण्यात. तोवर मिनियापोलिसचं घर रिकामं. इथे जानेवारीत पारा कधी कधी उणे ३० सेल्सिअसपर्यंत जातो. बरेच जण थर्मोस्टॅट ५५ फॅरेनहाइटवर ठेवून जातात, पण फर्नेस बंद पडला तर बघणार कोण? म्हणून घरातलं सगळं पाणीच काढायचं ठरवलं.

गावाला जाताना आपण काय करतो? कॉक बंद, गॅस बंद, कुलूप. इथे मेन व्हॉल्व्ह बंद करणं ही नुसती सुरुवात. त्याने नवीन पाणी यायचं थांबतं, आधीचं भिंतीतल्या पाइपमध्ये तसंच असतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मधे कुठेतरी बर्फाचा बोळा बसला की तो बोळा आणि बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि तांब्याचा पाइपसुद्धा चिरतो. तेव्हा काही कळतही नाही, कारण बर्फच बूच होऊन बसलेलं असतं. कळतं ते परत येऊन व्हॉल्व्ह उघडल्यावर.

म्हणून आधी वॉटर हीटर बंद करायचा, मगच त्याची टाकी रिकामी करायची (विजेचा असेल आणि क्रम चुकला, तर एलिमेंट कोरडं तापून जळतं). सगळ्यात खालचा नळ उघडायचा, आणि वरच्या मजल्यावरचेही, गरम-थंड दोन्ही. वरून हवा आत गेल्याशिवाय खालून पाणी सुटत नाही. एवढं करूनही पाइपला जिथे झोळ आलाय तिथे पाणी बसून राहतं. ते उताराने येत नाही, काँप्रेसर लावून फुंकून काढावं लागतं. प्लंबरने हवा सोडली तेव्हा अगदी कोरड्या दिसणाऱ्या नळातून भसकन पाणी आलं. मी बघतच राहिलो.

या चार महिन्यांसाठी मी टीम लीडची जागा सोडली. सगळे म्हणतात, केवढा त्याग! बरोबर आहे, व्हॉल्व्ह बंद झालाय. पण रात्री दोनला जाग येते आणि हात ऑफिसच्या चॅटकडे जातो: माझं काम कुणाला दिलं, मीटिंगमध्ये कोण काय बोललं. तो झोळ. आणि ‘केवढा त्याग’ ऐकून जे बरं वाटतं, तीही गोडीच की. हे पाणी माझ्याबरोबर पुण्याला येणार. चीर पडेल ती ऑफिसात नाही, बाबांच्या उशाशी, ते तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा. मला भीती आहे ती याची.

आता सिंकखालचा यू आकाराचा ट्रॅप. त्यात पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं, गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून. तो कोरडा ठेवून चालत नाही, आणि पाणी ठेवलं तर गोठतं. मग त्यात गुलाबी अँटिफ्रीझ ओततात, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. तेही चमचाभर नाही. जुन्या पाण्यात नुसतं मिसळलं तर पातळ होऊन तेही गोठतं. जुनं पाणी पुढे ढकललं जाईपर्यंत ओतायचं. श्लोकाचा दुसरा अर्धा भाग मला इथे उमगला. भगवंत नुसतं ‘रिकामं करा’ म्हणून थांबत नाहीत, त्या जागी परम आणतात. उपमा फार ताणत नाही, प्रॉपिलीन ग्लायकॉल म्हणजे काही परब्रह्म नव्हे! पण एका हाताने मोबाइल चाळत घेतलेलं नाम का टिकत नाही, ते मात्र कळलं.

परमदर्शन वगैरे माझ्यापासून खूप लांब आहे. ऑफिसचं चॅट फोनवरून काढलंय. रात्री दोनला जाग आली की उठून बसायचं आणि हरिपाठ म्हणायचा, एवढं ठरवलंय. मला अर्धाच येतो. बाबांना सगळा पाठ आहे. केमोच्या खुर्चीत काही तास बसावं लागतं, तेव्हा उरलेला त्यांच्याकडून शिकायचाय.

शुक्रवारी विमान. उद्या ६०वा श्लोक.