घंटेवाचूनचा नियम

लावलेली शिस्त आणि अंगी मुरलेला नियम यांत फरक काय, हा धर्मविचारातला जुना प्रश्न कोरोनाच्या टाळेबंदीने घराघरांत आणला. २५ मार्च २०२० पासून देश घरात बसला. शाळांना कुलपे त्याआधीच लागली होती. मधल्या काळात काही वर्ग भरले, पुन्हा मोडले. राज्यातल्या ग्रामीण शाळांचे पाचवीपासूनचे वर्ग सुरू व्हायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यातल्या मुलांचे इतरांसारखेच झाले. शाळेची घंटा थांबली आणि उठण्याची, जेवण्याची, खेळण्याची वेळ विस्कटली. ताट मोबाइलसमोर आले. हात मात्र पूर्वी कधी नव्हे इतके धुतले गेले.

योगसूत्रांतल्या पाच नियमांत पहिला शौचाचा, म्हणजे शुद्धतेचा आहे. त्याच ग्रंथात अभ्यास दृढ होण्याच्या अटीही आहेत: दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने. टाळेबंदीच्या हात धुण्यात पहिल्या दोन थोड्याफार होत्या. तिसरीची जागा भीतीने घेतली. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर ओसरते, यात मुलांचा दोष नाही.

आदराने लागलेली सवय कशी असते, याचे उदाहरण पेण तालुक्यातच आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याचा. आंघोळ करून मूल जेवायला बसले की आई विचारी, तुळशीला पाणी घातलेस का? घातले नसेल तर आधी पाणी, मग ताट. पुढे विनोबांनी ही आठवण आईने दिलेला संस्कार म्हणून सांगितली. तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. तिने आरोग्याचे व्याख्यान दिले नाही, की मुलाला स्वतःकडे पाहायला लावले नाही. त्याच्या भुकेच्या आधी दुसऱ्या जिवाची तहान ठेवली. अशा नियमाला घंटा लागत नाही. मात्र विचारणारे माणूस रोज लागते.

रोहे हे पांडुरंगशास्त्री आठवले यांचे जन्मगाव. १९ ऑक्टोबर १९२० हा त्यांचा जन्मदिवस. जन्मशताब्दी नेमकी साथीत आली. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली त्रिकाल संध्या म्हणजे उठताना, जेवताना आणि झोपताना ईश्वराचे स्मरण. घरबंदीत मुलांचा दिवस याच तीन सांध्यांवर निखळला होता. हे स्मरण घड्याळाला नव्हे, शरीराच्या क्रियांना बांधलेले असल्यामुळे ते शाळेवाचूनही टिकू शकते. अर्थात नऊला उठूनही स्मरण करता येते, आणि तोंडपाठ झालेले स्मरण मोबाइल खाली ठेवायला लावेलच असे नाही.

नियमाला साधनेही लागतात, हे धर्मचर्चेत सहसा राहून जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. जिल्ह्यातल्या कित्येक गावांची वीज अनेक दिवस गेली. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा. कातकरी वाडीवर जिथे हंडाभर पाणी लांबून आणावे लागते, तिथे वीस सेकंद हात धुण्याचा उपदेश ऐकायलाच बरा. शाळेतली शिजलेली खिचडी थांबली, तिच्या जागी कोरडे तांदूळ आणि कडधान्य घरी आले. पंगतीत ठरल्या वेळी जेवण्याची सवय मात्र पिशवीतून देता येण्यासारखी नव्हती. गीता आहार, विहार, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखायला सांगते, ते आपला दिवस ज्याच्या हातात आहे त्या साधकाला. मुलाचा दिवस घरातल्या मोठ्यांच्या हातात असतो, आणि त्या दीड वर्षात मोठ्यांचाही दिवस त्यांच्या हातात राहिला नव्हता.