स्वतःच्याच गोलात

बार्बाडोस म्हटलं की आमच्या पिढीला आठवतं ते क्रिकेट. सोबर्सचं गाव ते. १९७१ साली गावसकरनं तिथं नाबाद ११७ काढल्या, त्या आम्ही पेपरात वाचल्या आणि जणू स्वतःच काढल्यासारखे चाळीत मिरवलो. ग्रेनाडा मात्र मला नकाशात भिंग घेऊन शोधावा लागला. चिमुकला देश, आणि झेंड्यावर चक्क जायफळ! श्रीखंडाशी इतकं जवळचं नातं सांगणारा दुसरा झेंडा माझ्या पाहण्यात नाही.

या दोन शेजाऱ्यांची २७ जानेवारी १९९४ रोजी बार्बाडोसमध्ये फुटबॉलची मॅच झाली. कॅरिबियन कपची पात्रता फेरी; म्हणजे जगाच्या हिशेबी गल्लीतलीच स्पर्धा. पण नियम करणारा गृहस्थ मोठा कल्पक. मॅच बरोबरीत सोडायचीच नाही. जादा वेळ खेळायचा, त्यात पहिला गोल करील तो जिंकला, आणि तो एक गोल मोजायचा दोन! बार्बाडोस आधीची मॅच हरलेला. पुढे जायचं तर त्याला दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं.

२-० असा तो पुढे होताही. ८३व्या मिनिटाला ग्रेनाडाचा एक गोल झाला. आता उरलेला वेळ समोरचे अकराही जण गोलापुढे भिंत बांधून उभे राहणार, हे उघड होतं. तेव्हा ८७व्या मिनिटाला बार्बाडोसच्या एका बॅकनं आपल्याच गोलकीपरशी जरा चेंडूची देवघेव केली आणि तो शांतपणे स्वतःच्याच जाळ्यात मारला. २-२. बरोबरी झाली, म्हणजे जादा वेळ आला. आणि तिथं एकाचे दोन!

ग्रेनाडाच्या पोरांच्या डोक्यात उजेड पडला, तेव्हा तीही स्वतःच्या गोलाकडे धावली. कारण २-३ अशी हरली तरी ती पुढे जाणार होती, आणि ३-२ अशी जिंकली तरीही. शेवटची काही मिनिटं बार्बाडोसचे खेळाडू मैदानाच्या दोन्ही टोकांना गोल राखत होते. जादा वेळेत त्यांनी गोल केला आणि ४-२ अशी मॅच मारली. ज्यानं हे नियम केले त्याची जागा वेड्यांच्या इस्पितळात आहे, असं ग्रेनाडाचे कोच म्हणाले. बार्बाडोसला शिक्षा काही झाली नाही. नियम मोडलाच कुठे होता?

ही हकीकत मी जेवताना हिला रंगवून सांगितली आणि वर बार्बाडोसचं वकीलपत्र घेतलं. "कुणाला पाडलं नाही, पंचाला फसवलं नाही. जे केलं ते भर मैदानात, सगळ्यांदेखत. यात लबाडी कसली?"

"तुमच्या त्या अर्जासारखंच की," ही म्हणाली.

आठवला. १९७९ साली मला पगारवाढ मिळाली आणि तिच्यामुळे वर्षाचं उत्पन्न मर्यादेच्या ४८ रुपये वर जाऊ लागलं. थोरल्याची फीमाफी हातची जाणार! मी लेखी विनंती केली की वाढ एप्रिलपासून द्यावी. साहेब गहिवरले. 'पगार वाढवू नका' म्हणणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"अगं, पण दाखल्यावरचा आकडा अगदी खरा होता."

"खोटा होता असं कुठं म्हणतेय मी? माफीच्या जागा दहा होत्या. अकरावा कोण राहिला, ते विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. फीमाफी मिळाली त्या आनंदात पेढे तेवढे वाटले होते. मी घाईघाईनं पुन्हा फुटबॉलकडे वळलो. "आणि ग्रेनाडा तरी काय धुतल्या तांदळासारखा? तेही धावलेच ना स्वतःच्या गोलाकडे! चपळाई कमी पडली, इतकंच."

"म्हणजे त्या अकराव्याच्या बापानंही हेच केलं असतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मला नेमकं तेच म्हणायचं होतं. पण तो बाप कोण, कुठला, काहीच ठाऊक नाही. त्याला विचारायची सोय नाही. मी मुकाट्यानं श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. जायफळ जरा जास्तच पडलं होतं.