पेण की पेन?

रोह्याच्या स्टँडवर कंडक्टर ओरडतो, 'पेन, पेन, पेन!' गाडीच्या पाटीवर 'पेण'. गाडी त्याच गावाला जाते.

शाळेत मी 'पानी' म्हणालो. गुरुजी म्हणाले, जीभ साफ करून ये. वर्ग हसला. अजून सभेत उभा राहिलो की मी आधी न-ण मोजतो, मग मुद्दा मांडतो. निम्मा मुद्दा तिथंच मरतो.

मित्रांनो, साफ म्हणजे काय? दोन्हींना छातीतली हवा तीच, गळ्यातली थरथर तीच. मऊ टाळू खाली येऊन नाकाची वाट मोकळी होते, तीही सारखीच. फरक जिभेच्या टोकाचा. 'न'ला ते वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं, 'ण'ला मागं वळून टाळूला. पेरभरही अंतर नाही. एक दंत्य, दुसरा मूर्धन्य. ही जागांची नावं आहेत, पायऱ्यांची नव्हेत. पण आपल्या देशात अक्षरालाही वर्ण म्हणतात अन् माणसालाही वर्ण, त्याला कोण काय करणार!

गंमत अशी, की मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. पालीतही 'पानीय'. प्राकृत बोलणाऱ्यांनी 'न'चा 'ण' केला, तो मराठीत आला. म्हणजे गुरुजींचं शुद्ध रूप हेच एकेकाळचं अशुद्ध. हिंदीवाला आजही 'पानी'च म्हणतो, त्याला कुणी जीभ धुवायला सांगत नाही. मात्र आपला 'न' थेट बुद्धकाळातला, अशी शेखी मिरवू नये. 'कोन', 'पेन', आगऱ्यांसारखा आपणही सरसकट 'न'च करतो. आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा अडवणाऱ्यांचं भांडण 'न'शी नव्हतं. ते ओंजळीशी होतं.

मग 'ण' शिकायचा की नाही? मी म्हणतो, शिकायचा. भाताचा मण अन् माणसाचं मन लिहिताना वेगळं ठेवावंच लागतं. पण दुसऱ्याला शिकवताना आपण कुणाच्या आवाजात बोलतो?

हे विचारायचा हक्क मला आहे का, कोण जाणे. मागं विहारात वंदना चालू होती. आई म्हणाली, 'बुद्धं सरनं गच्छामि.' पालीत तिथं 'ण'च आहे. मी चारचौघांत म्हणालो, 'आई, सरणं. नीट म्हण.' पोरं हसली.

तेव्हापासून ती वंदनेला नुसते ओठ हलवते. मी म्हणालो, 'आई, म्हण ना मोठ्यानं.' तर म्हणते, 'तू म्हन बाबा. तुला येतंय.'