कपोत आणि केळकरांचा राजा

अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी कपोत मला नेहमी जड जातो. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कपोती धावली, आणि त्यांच्यामागे तोही. नातवंडांना भरवणाऱ्या आपल्यासारख्या आजी-आजोबांनी यातून काय घ्यायचं? माया कमी करायची का?

बाजीराव रस्त्यावरचे दिनकर केळकर आठवा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला. वडिलांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या, म्हणजे तुमच्याआमच्याच, हवाली केला. (बँकेत आयुष्य काढलंय, जमेची बाजू अशी रिकामी करणं किती अवघड ते मला ठाऊक आहे.)

माया कमी असती तर राजाचं नाव तिथे लागलंच नसतं. भागवताच्या एकादश स्कंधात नको म्हटलाय तो अतिस्नेह. कपोताला पिल्लांपलीकडे काही दिसेना. केळकरांच्या वाड्यात मात्र आज परक्यांची पोरं दिवे बघत हिंडतात.

तरी शंका राहतेच. छंदालाही माया चिकटते की! माझ्या पोस्टाच्या तिकिटांच्या वह्या कुणाला द्यायच्या, ते अजून ठरत नाही.